बाबांना आजी दिसली, ते खरं होतं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील सदुसष्ट वर्षांचे. हृदयविकाराचा झटका आला, रुग्णालयात पोहोचता पोहोचता हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबून आणि शॉक देऊन ते पुन्हा सुरू केलं, नंतर स्टेंट बसवला. घरी आल्यावर काही दिवसांनी ते सांगू लागले की त्यांना त्यांची आई दिसली, वीसेक वर्षांपूर्वी वारलेली. ती शेताच्या बांधावर उभी होती, मागे लख्ख उजेड होता, आणि ती म्हणाली, 'तुझी वेळ झाली नाही, मागं फिर.' विचारणाऱ्याच्या आईचा यावर पूर्ण विश्वास बसला आहे. भाऊ इंजिनिअर आहे. तो म्हणतो, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असे भास होतात. नात्यातल्या एकांनी कुठल्याशा ज्योतिषाला विचारलं, तर त्याने आजीचा आत्मा अडकला आहे असं सांगून एका विधीसाठी मोठी रक्कम मागितली. विचारणारा म्हणतो, 'मी विज्ञान शिकलोय, पण बाबांच्या तोंडावर हा भास होता असं म्हणवत नाही. मृत्यूनंतर काही असतं का? विज्ञान नेमकं काय म्हणतं?'

मी भूलतज्ज्ञ. पुढे अतिदक्षता विभागातच रमलो, त्यामुळे थांबलेली हृदयं पुन्हा सुरू करणं आणि जी सुरू होत नाहीत त्यांच्या घरच्यांशी बोलणं हेच माझं रोजचं काम आहे. तुमच्या बाबांसारखं सांगणारे रुग्ण मला भेटले आहेत, आणि त्यांच्याकडे मी कधी हसून पाहिलेलं नाही. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. बाबांचा अनुभव खरा आहे. ते काही रचून सांगत नाहीत आणि त्यांच्या डोक्यात बिघाडही झालेला नाही. मात्र त्या अनुभवावरून मृत्यूनंतरचं जीवन सिद्ध होत नाही. आणि तुमचा भाऊ सांगतो त्या एका कारणावरून ते खोटंही ठरत नाही.

हृदय थांबतं तेव्हा काय होतं, ते पाहू. रक्त पोहोचेनासं झालं की दहा ते वीस सेकंदांत शुद्ध हरपते आणि मेंदूचा विद्युत आलेख सपाट होऊ लागतो. पण आलेख सपाट झाला म्हणजे पेशी मेल्या असं नाही. त्यांना कायमची इजा व्हायला मिनिटं लागतात. चार-पाच मिनिटांनंतर धोका झपाट्याने वाढत जातो. त्या वेळात कुणी छाती नीट दाबत असेल तर नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते एक तृतीयांश रक्त फिरत राहतं. तेवढ्यावर काही रुग्ण छाती दाबली जात असतानाच डोळे उघडतात, दाबणाऱ्याचा हात ढकलायला बघतात. आपण थांबलो की पुन्हा बेशुद्ध. म्हणजे हृदय बंद असताना मेंदू पूर्ण बंद असतोच असं नाही, आणि कोणत्या क्षणी तो किती जागा होता हे नंतर सांगणं फार अवघड असतं. बाबांना आजी दिसली ती हृदय थांबण्याआधीच्या घेरीत, मधल्या मिनिटांत की शुद्धीवर येतानाच्या गुंगीत, हे बाबाही सांगू शकणार नाहीत. आठवणीवर घड्याळाची वेळ छापलेली नसते.

याच्या शेजारी मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबणं, ठेवून बघा. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यानुसार तो जाहीर करायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं. मेंदूच्या देठाच्या सगळ्या प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात, व्हेंटिलेटर काढून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते पाहतात, आणि किमान सहा तासांनी हे सगळं पुन्हा करतात. हे निकष काटेकोर पाळून ज्याला मृत ठरवलं, तो उठून बसला आणि पलीकडचं वर्णन करू लागला, असं उदाहरण वैद्यकाकडे नाही. ज्यांनी ज्यांनी काही सांगितलं ते सगळे मरणाच्या वाटेवरून परतलेले आहेत. त्यांच्याकडून आपल्याला मरण्याबद्दल कळतं. मेल्यानंतरच्या अवस्थेबद्दल त्यांच्याकडून काही कळू शकतं का, इथेच सगळा वाद आहे. माझ्या मते नाही.

आता तुमच्या भावासाठी. 'ऑक्सिजन कमी पडला' हे उत्तर चुकीचं नाही, पण फार घाईचं आहे. हॉलंडमधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णालयांतल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. सगळ्यांचं हृदय थांबून पुन्हा सुरू झालेलं होतं. त्यातल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला: उजेड, वारलेली माणसं, शरीराबाहेर गेल्याची जाणीव, विलक्षण शांतता. मग उरलेल्या ८२ टक्क्यांचं काय? त्यांचंही हृदय थांबलेलं होतं. हृदय किती वेळ बंद होतं, कोणती औषधं दिली, यावरून कुणाला अनुभव येईल हे ठरत नव्हतं. नुसता ऑक्सिजन कमी पडल्याने हे घडत असतं, तर ते कितीतरी जास्त लोकांना घडायला हवं होतं. या मंडळींना त्या डॉक्टरांनी दोन आणि आठ वर्षांनी पुन्हा गाठलं. अनुभव आलेल्यांची मरणाची भीती कमी झाली होती आणि ती कमीच राहिली.

आमच्या विभागात दिसणारा भ्रम याहून अगदी वेगळा असतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना तो बऱ्याचदा होतो. भिंतीवर मुंग्या चालतात, नर्स विष देतेय असं वाटतं, सकाळी विचारावं तर सांगण्यात काही मेळ नसतो आणि पुढे बहुतेक विसरून जातं. बाबांनी जे सांगितलं ते सलग आहे, स्पष्ट आहे, त्यात भीती नाही, आणि असे अनुभव बहुधा वर्षानुवर्षं स्पष्ट आठवतात. दोन्हींना एकच नाव देणं वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर नाही.

पण मग शरीराबाहेर खरोखर काही जातं का? हे तपासायचा प्रामाणिक प्रयत्न झाला आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. डॉ. सॅम पार्निया यांनी ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रियातल्या १५ रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवल्या आणि त्यांवर चित्रं ठेवली, ती फक्त वरून पाहिल्यासच दिसतील अशी. रुग्ण जर खरंच वर तरंगत खाली पाहत असेल, तर त्याला चित्र दिसायला हवं. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. हृदय थांबल्याच्या २०६० घटना, त्यांतून वाचलेल्या आणि बोलू शकलेल्या १४० जणांच्या मुलाखती. एका ५७ वर्षांच्या माणसाने आपल्याभोवती काय चाललं होतं ते बऱ्यापैकी अचूक सांगितलं, आणि ते त्याच्या हृदय थांबण्याच्या काळाशी जुळत होतं. पण ज्या खोलीत हे घडलं तिथे फळीच नव्हती. बहुतेक घटना फळ्या नसलेल्या जागीच घडल्या. हृदय कुठे थांबावं हे काही संशोधक ठरवू शकत नाही.

मग त्यांचाच दुसरा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. या वेळी उपकरण रुग्णापर्यंत नेलं. टॅब्लेटवर चित्रं, कानात हेडफोन आणि त्यातून फळांची नावं ऐकवली जात होती. ५६७ रुग्णांपैकी ५३ वाचले, २८ जणांशी बोलता आलं. ११ जणांना काही ना काही आठवत होतं. चित्र कुणालाही सांगता आलं नाही. फळांची नावं एकाने सांगितली. कान हे सगळ्यात शेवटी मिटतात असं आम्ही वॉर्डात म्हणतो, त्याला धरूनच हे आहे. म्हणूनच बेशुद्ध माणसाच्या उशाशी उभं राहून त्याच्याबद्दल वाटेल ते बोलू नये, हे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगतो. याच अभ्यासात छाती दाबणं सुरू असताना काही रुग्णांच्या मेंदूत अर्ध्या तासानंतरही, क्वचित तासाभरापर्यंत, जागेपणीच्या लहरींशी साम्य असलेल्या लहरी मधूनमधून दिसल्या. आम्ही शिकलो तेव्हा हे अशक्य मानलं जायचं.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या जिमो बोर्जिगिन यांनी २०१३ मध्ये उंदरांवर आणि २०२३ मध्ये माणसांवर आणखी एक गोष्ट दाखवली. व्हेंटिलेटर काढल्यानंतर चार मरणासन्न रुग्णांपैकी दोघांच्या मेंदूत गॅमा लहरींचा, म्हणजे मेंदूतल्या वेगवान विद्युत लहरींचा, जोरदार उसळता पट्टा नोंदला गेला, आणि तो जाणिवेशी संबंधित मानल्या जाणाऱ्या भागांत होता. त्या दोघांना काय दिसलं हे कुणालाच कळणार नाही, कारण ते गेले. चार रुग्णांवरून मोठा सिद्धांत मांडू नये, हे त्या संशोधकांनाही मान्य आहे. तरी एवढं दिसतं की काही मेंदू मरताना हळूहळू मंदावत न जाता शेवटी एकदा पेटून उठतात.

अनुभवातले वेगवेगळे तुकडे इतर वाटांनीही येतात. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉ. ओलाफ ब्लांके यांनी अपस्माराच्या (फिट्सच्या) एका रुग्ण बाईच्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका विशिष्ट भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिला आपण छताशी असून खाली आपलंच शरीर पाहत आहोत असं वाटलं. प्रवाह बंद, अनुभव बंद. लढाऊ वैमानिकांना यंत्रात गरगर फिरवतात तेव्हा डोक्यातलं रक्त उतरतं आणि त्यांची नजर कडेकडून मिटत बोगद्यासारखी होते. आणि केटामाइन तर आम्हा भूलतज्ज्ञांच्या रोजच्या वापरातलं. ग्रामीण भागातल्या कितीतरी शस्त्रक्रिया याच औषधावर झाल्या आहेत. त्यातून उठलेले रुग्ण 'मी वर तरंगत होतो', 'उजेडाच्या नळीतून गेलो' असं आपणहून सांगतात. २०१९ मध्ये अशा अनुभवांची ६२५ वर्णनं वेगवेगळ्या औषधांच्या हजारो वर्णनांशी ताडून पाहिली, तेव्हा केटामाइनचीच वर्णनं सगळ्यात जवळची निघाली.

इथे विज्ञान शिकलेली मंडळी एक उडी मारतात, ती मला मान्य नाही. मेंदूत कारण सापडलं म्हणजे अनुभव खोटा, असं ते म्हणतात. पण आत्ता तुम्ही ही ओळ वाचताय तेव्हाही तुमच्या मेंदूत विशिष्ट घडामोडी चालूच आहेत, म्हणून ओळ खोटी ठरत नाही. मेंदूतली यंत्रणा सापडणं आणि पाहिलेली गोष्ट बाहेर अस्तित्वात असणं किंवा नसणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर त्या माणसाला इतर कोणत्याही मार्गाने कळणं शक्य नव्हती अशी माहिती मिळायला हवी. वरची चित्रं त्यासाठीच होती. अजून ती कुणी पाहिलेली नाहीत. उद्या कुणी पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली, तर मला माझं मत बदलावं लागेल आणि मी ते बदलेन.

आता आजी बांधावर का उभी होती, याबद्दल. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार आणि मेंदूविकारांच्या संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या अशा १६ अनुभवांची नोंद प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या लोकांना नेणारे दूत येतात, वहीखाते घेऊन बसलेला कुणीतरी असतो, तो पानं उलटतो आणि चूक लक्षात येते: हा माणूस नाही, दुसराच आणायचा होता, याला परत पाठवा. चित्रगुप्ताच्या कथा ज्याच्या कानावर लहानपणापासून पडल्या आहेत त्याला हे ओळखीचं वाटेल. अमेरिकेतल्या वर्णनांत अशी नावांची गफलत जवळपास आढळत नाही. तिथे उजेडातली व्यक्ती किंवा नातेवाईक 'तुझी वेळ नाही' असं सांगतात. तुमच्या बाबांना परत पाठवणारी त्यांची आई होती आणि जागा त्यांच्या शेताची होती. आयुष्यभर जे माणूस आणि जी माती मनात होती तीच समोर आली.

श्रद्धावान माणूस यावर म्हणेल की प्रत्येकाला त्याच्या ओळखीच्या रूपातच दर्शन होतं. असेलही. हे म्हणणं खोडून काढता येत नाही. पण काहीही दिसलं तरी जे बरोबरच ठरतं, ते तपासताही येत नाही. तिथे विज्ञानाचं काम संपतं.

या विषयावर मोबाइलवर फिरणाऱ्या काही गोष्टी तुमच्यापर्यंत पोहोचल्या असतील, त्यांचं एकदा सांगून टाकतो. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम, हे अमेरिकेतल्या डंकन मॅकडुगल नावाच्या डॉक्टरने सहा मरणासन्न रुग्णांना खाटेसकट काट्यावर ठेवून काढलं आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातल्या दोघांची मापं त्याने स्वतःच बाद धरली, उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, आणि २१ ग्रॅम फक्त एकाच रुग्णात आलं. त्यावर काहीही उभं राहत नाही. दुसरी गोष्ट, 'ऊर्जा नष्ट होत नाही, म्हणून आत्मा अमर.' हे मला शिकल्यासवरल्या लोकांकडून सर्वाधिक ऐकायला मिळतं. जिवंत शरीर विश्रांतीतही साधारण ८० ते १०० वॉट उष्णता टाकत असतं, त्यातला २० वॉटच्या आसपास वाटा मेंदूचा. मृत्यूनंतर ही उष्णता निर्माण होणं थांबतं, शरीर तासागणिक थंड होत जातं, उरलेली रासायनिक ऊर्जा चितेत किंवा मातीत जाते. सगळा हिशेब लागतो, काही शिल्लक राहत नाही. आणि समजा राहिली, तरी उष्णतेला कर्म आठवत नाही, नातवंडांची नावं आठवत नाहीत. धर्म ज्या आत्म्याबद्दल बोलतो तो भौतिकशास्त्रातल्या ऊर्जेहून फार वेगळा आहे; दोघांची गाठ मारून दोघांचाही अपमान होतो.

पूर्वजन्माच्या आठवणींचं प्रकरण जास्त गंभीरपणे घ्यावं लागतं. वर उल्लेखलेल्या स्टीव्हन्सन यांनी आणि त्यांच्यानंतर त्यांच्या विभागाने अशा मुलांच्या अडीच हजारांवर नोंदी जमवल्या. दोन ते पाच वर्षांची मुलं आधीच्या घराबद्दल बोलतात आणि सात-आठ वर्षांपर्यंत विसरतात. बहुतेक नोंदी पुनर्जन्म मानणाऱ्या समाजांतल्या. त्यांची कमजोर बाजू अशी की दोन्ही कुटुंबं आधीच भेटलेली असतात आणि मूल नेमकं काय म्हणालं होतं हे भेटीनंतर लिहिलं जातं. आधी लिहून मग पडताळलेली प्रकरणं थोडी आहेत. आपल्या नागपुरातही १९७४ च्या सुमारास अध्यापन करणाऱ्या एक मराठी बाई एकाएकी बंगाली बोलू लागल्या आणि आपण शारदा नावाची दीडेकशे वर्षांपूर्वीची बंगाली स्त्री आहोत असं सांगू लागल्या. जुन्या लोकांना ते आठवत असेल. स्टीव्हन्सन आणि पसरिचांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. बाईंनी पूर्वी थोडंफार बंगाली वाचायला शिकलेलं होतं, हेही त्यांनी नोंदवलं, आणि टीकाकारांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मी ते फसवणूक मानत नाही. माणसाचं मन आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी खोल आहे, एवढं मी त्यातून घेतो.

तुमच्या आईसाठी मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. मृत्यूनंतरचं जीवन मानणं आणि त्याचा पुरावा आयसीयूत शोधणं, या दोन गोष्टी परंपरेने कधी एक मानल्या नाहीत. कठोपनिषदात नचिकेत प्रत्यक्ष यमालाच विचारतो की मेल्यावर माणूस असतो असं काही म्हणतात, नसतो असं काही म्हणतात, खरं काय? यम आधी टाळतो. देवांनाही याबद्दल शंका होती, दुसरं काहीही माग, म्हणतो. म्हणजे शंका घेणं पाप नव्हतं. ती ग्रंथाच्या सुरुवातीलाच होती. चार्वाकांनी तर सरळ सांगितलं की राख झालेला देह परत येत नाही, आणि त्यांचं मतही आपल्या दर्शनांमध्ये नोंदलं गेलं. बौद्ध नित्य आत्मा मानत नाहीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका देहातून दुसऱ्यात जाणारा आत्मा ठामपणे नाकारला आणि तरीही धम्माला माणसाच्या जगण्याच्या मध्यभागी ठेवलं. मुस्लिम आणि ख्रिस्ती माणूस शेवटच्या निवाड्याच्या दिवशी पुन्हा उठण्याची वाट पाहतो. आणि तुकोबा तर मुक्तीच नको म्हणतात. नाम आणि संतसंग मिळणार असेल तर पुन्हा जन्माला घाल, असं विठ्ठलाला सांगतात. बाबांना दिसलेला उजेड यातल्या कुणाच्या बाजूने साक्ष देतो? कुणाच्याच नाही. तो यातल्या कुणालाही दिसू शकला असता, आणि प्रत्येकाने त्याला आपापलं नाव दिलं असतं.

मी स्वतः वडिलांचं श्राद्ध करतो. पिंड त्यांच्यापर्यंत पोहोचतो असं मी मानत नाही. दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट पाहत उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल, कुणाची जबाबदारी घ्यायची आहे, हे त्या अर्ध्या तासात भाऊ-बहिणी एकमेकांसमोर बोलतात, एरवी बोलले नसते. शोकाला वेळ आणि जागा लागते, ती हे विधी देतात. म्हणून विधीवर माझा राग नाही. माझा राग आहे तो भीती दाखवून पैसे काढण्यावर. आजी बाबांवर रागावलेली नव्हती. ती त्यांना घरी पाठवत होती. त्यातून 'अडकलेला आत्मा' काढणं हे बाबांच्या अनुभवाच्या बरोबर उलट आहे. त्या ज्योतिषाला एक रुपया देऊ नका. आईला आजीसाठी काही करायचंच असेल तर सर्वपित्रीला घरी नैवेद्य दाखवा, चार माणसांना जेवायला बोलवा. आजीबद्दल आदर दाखवायला तेवढं पुरेसं आहे.

बाबांशी कसं वागायचं, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या हातात खरं तर तेच आहे. त्यांना सांगू द्या. उलटतपासणी घेऊ नका, आणि पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा सांगायलाही लावू नका. दहा वेळा सांगितलेली आठवण प्रत्येक वेळी थोडी बदलते आणि मग त्यांचं त्यांनाच कळेनासं होतं की मुळात काय होतं. त्यांची इच्छा असेल तर एकदा शांतपणे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. भावाला सांगा की 'भास' हा शब्द त्यांच्यासमोर वापरू नकोस. 'तुम्हाला आजी दिसली, तेव्हा काय वाटलं?' एवढंच विचारलं तरी चालतं, आणि त्यात खोटं काही नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहा. ज्यांची मरणाची भीती गेली त्यांच्यातले काही जण औषधांबाबत बेफिकीर होतात. 'तिनेच परत पाठवलंय, माझी वेळ ठरलेली आहे,' असं म्हणत गोळ्या सुटतात. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर देतात. त्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी बंद होता कामा नये. हृदय थांबून वाचलेल्या लोकांना पुढे काही महिने विसराळूपणा, चिडचिड, झोप न लागणं, उदासी हेही होतं. आजी भेटल्याचं सुख चेहऱ्यावर असलं तरी हे आतून चालू असू शकतं. तीन-चार आठवडे असंच राहिलं तर हृदयरोगतज्ज्ञांना सांगा, मानसोपचारतज्ज्ञांचीही मदत घ्या. आणि सगळ्यांचे अनुभव सुखाचे नसतात. कुणाला काळोख, कुणाला पडत गेल्याची भीती, कुणाला शिक्षा होत असल्याची जाणीव होते. अशी माणसं सहसा बोलत नाहीत, कारण आपण पापी म्हणून असं झालं असं त्यांना वाटतं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याला सांगा की याचा पाप-पुण्याशी संबंध असल्याचं कुणीही दाखवलेलं नाही.

पुढे कधीतरी, खूप वर्षांनी, बाबांच्या खऱ्याखुऱ्या शेवटच्या दिवसांतही आजी पुन्हा दिसू शकते. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, रुग्णांशी रोज बोलून नोंदी ठेवल्या, तेव्हा बहुतेकांना शेवटच्या काळात अशी स्वप्नं किंवा दर्शनं झाल्याचं आढळलं. मृत्यू जसजसा जवळ येई तसतशी त्यांत वारलेली माणसं जास्त येत, आणि त्यांनी रुग्णांना सर्वाधिक दिलासा दिला. आपल्याकडे घराघरांत 'आई न्यायला आलीय' हे वाक्य ऐकलेलं असतं. रुग्ण शांत असेल तर त्याला झोपेचं इंजेक्शन देऊन ते दर्शन घालवू नये, असं मी माझ्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. घाबरला असेल, ओरडत असेल, तर मात्र तो उपचार करायचा भ्रम असतो.

श्रद्धेचा आणि वैद्यकाचा एक प्रत्यक्ष संबंध मला रोज दिसतो, तो अवयवदानाच्या वेळी. 'डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल' ही भीती नातेवाईक आजही बोलून दाखवतात. मी त्यांच्याशी पुनर्जन्म आहे की नाही यावर वाद घालत नाही. ज्यांना वस्त्र बदलावं तसा आत्मा देह बदलतो हे मान्य आहे, त्यांना मी एवढंच विचारतो की टाकलेल्या वस्त्राचा एक तुकडा दुसऱ्याच्या कामी आला तर नव्या वस्त्राला भोक कसं पडेल? बरेच जण थोडा वेळ गप्प राहतात आणि मग फॉर्म मागतात. नेत्रदान हृदय बंद पडून झालेल्या मृत्यूनंतरही करता येतं. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचं, पापण्या मिटून ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा. घरात यावर आधीच बोलणं झालेलं असेल तर त्या वेळी सोपं जातं. बाबांची मरणाची भीती गेली असेल तर कदाचित घरात हे बोलायला तेच सगळ्यात मोकळे असतील.

भावाला एक काम सांगा. बाबा परत आले ते कुणीतरी वेळेवर आणि नीट छाती दाबली म्हणून. हे कुणालाही शिकता येतं: छातीच्या मधोमध दोन्ही हात, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. ज्यांना एकदा झटका येऊन हृदय थांबलं त्यांच्या घरात निदान दोघांना हे यायला हवं. जवळच्या मोठ्या रुग्णालयात विचारा, त्याचं प्रशिक्षण काही तासांत होतं. आईलाही सोबत न्या.